इतिवृत्तात नसलेली बाई

५ जानेवारी, सोमवार

विधिमंडळाच्या नव्या मुख्यालयाचे नकाशे आज जिन्याजवळच्या भिंतीवर लागले. जेवणाच्या सुट्टीत अख्खं सचिवालय भिंतीला नाक लावून उभं होतं आणि जो तो आपापली खुर्ची शोधत होता. ग्रंथपालांना त्यांचं ग्रंथालय तळघरात सापडलं, तेव्हापासून ते कोणाशी बोलत नाहीत. कँटीनवाले काका आपलं स्वयंपाकघर बोटाने शोधत शोधत भिंतीच्या पार टोकाला गेले आणि तिथून ओरडले, "ताई, मी इकडे आहे बरं का! येत जा कधीमधी!"

मी आमची खोली शोधली. आम्ही म्हणजे प्रतिवेदन शाखा. मंजूर माणसं चौदा, पैकी तीन जागा बरेच दिवस रिकाम्या आहेत, भरतील लवकरच. सभागृहात अध्यक्षांच्या पुढ्यात जे छोटं टेबल असतं, तिथे मान खाली घालून जो बसलेला असतो तो प्रतिवेदक. जे जे बोललं जातं ते तो लघुलिपीत उतरवतो. पाच मिनिटांनी दुसरा येऊन बसतो, पहिला उठतो आणि डाव्या दाराने खोलीत धाव घेऊन टाइप करायला लागतो. या पाच मिनिटांना आम्ही टर्न म्हणतो. मुख्य प्रतिवेदक झाले तरी मी अजून टर्न घेते. एकतीस वर्षांत एकही चुकलेला नाही. दारापासून खोली एकेचाळीस पावलं. मुलीच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हा सेहेचाळीस.

नव्या नकाशात डाव्या दारामागे लिहिलंय 'यंत्रकक्ष'. आमची खोली त्या इमारतीत नाही, दुसऱ्या इमारतीत नाही आणि तिसऱ्यातही नाही. नकाशा काढणारी विसरली, दुसरं काय! वर सभागृहाला चिकटून एसीचं यंत्र बसवायला निघाली आहे. त्या घरघरीत कोणाला काय ऐकू येणार?

८ जानेवारी, गुरुवार

'वापरकर्ता समिती' नेमली आणि तीत मी आहे. उपसचिव प्रमुख. बाकी ग्रंथपाल, कँटीनवाले काका आणि सुरक्षा अधिकारी, ज्यांना मिशांमुळे सगळे सेनापती म्हणतात. आर्किटेक्ट बाई परगावी असतात. आमच्या सभांचं इतिवृत्त त्यांच्याकडे जाणार आणि त्यावरून त्या नकाशा दुरुस्त करणार. इतिवृत्त कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

घरी सांगितलं. हे डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. आमच्या ह्यांचं बोलणं म्हणजे एक शब्द आत्ता, दुसरा चहानंतर. म्हणाले, "अगं, मला काय वाटतं, ती तुमची शाखाच बहुतेक..."

"हलवणार आहेत, लांब कुठेतरी. तेच तर थांबवायचंय," मी म्हणाले.

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा लावलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. ह्यांची वाक्यं पुरी करायला मला आता विचारसुद्धा करावा लागत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

पहिली सभा झाली. कशी झाली ते इथे सविस्तर लिहिते, कारण मला तिचा अभिमान आहे.

आमचे उपसचिव भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी जन्मात एक वाक्य पुरं केलेलं नाही. ग्रंथपालांनी तळघराच्या ओलीबद्दल पाऊण तास ऐकवल्यावर ते म्हणाले, "म्हणजे कसं आहे, ग्रंथालयाचं आपण वर... तसं पाहिलं तर... बघू." मी लिहिलं, 'ग्रंथालय वरच्या मजल्यावर घेण्याचे ठरले.' यात लबाडी काही नाही. सभागृहातही माणसं अशीच अर्धवट बोलतात आणि आम्ही त्यांची वाक्यं करतो. माझ्या हाताखालून गेलेला माणूस कागदावर व्याकरणशुद्ध उतरतो. काही जणांना त्यांच्या मतदारसंघात वक्ते म्हणतात. त्या वक्तृत्वात आमच्या शाखेचाही हात आहे.

दुसरा नियम असा, की सूर लिहायचा नाही. कोणी चिडून बोललं, खवचटपणे बोललं, कागदावर फक्त शब्द येतात. नकाशात अध्यक्षांना यायला-जायला वेगळी वाट नाही हे पाहून सेनापती टेबलावर हात आपटून म्हणाले, "मग काय, अध्यक्षांनी खिडकीतून यायचं?" मी लिहिलं, 'अध्यक्षांच्या प्रवेशाची सोय खिडकीकडून करावी, अशी सूचना आली.' काका म्हणाले, "एवढ्या लांबून मी चहा कसा आणू? रूळ टाकून द्या, गाडीतून पाठवतो!" तेही घेतलं.

शेवटी मी बोलले. तयारी करून गेले होते. टर्न पाच मिनिटांचा का असतो, धावतपळत टाइप का करावं लागतं, खोली लांब गेली तर कामकाजाचा अहवाल त्या दिवशी निघणारच नाही, सगळं मुद्देसूद मांडलं. हातातलं पेनही खाली ठेवलं नाही. सगळे माना डोलावत होते. उपसचिव म्हणाले, "मॅडम, तुमच्या शाखेचं म्हणजे... वरून तसं... तुम्हाला कल्पना असेलच..."

असणारच. आमचं महत्त्व वरपर्यंत पोचलंय म्हणायचं.

१९ जानेवारी, सोमवार

इतिवृत्त टाइप करून उपसचिवांपुढे ठेवलं. चार पानं होती. त्यांनी अकरा सेकंदांत सही केली. एवढा विश्वास असलेला अधिकारी मिळायला भाग्य लागतं.

खबरदारी म्हणून काल रविवारी ह्यांना घेऊन नव्या जागेवर गेले होते. तिथे नुसत्या खुंट्या आणि चुन्याच्या रेघा आहेत. सभागृहाच्या रेघेपासून तिसऱ्या इमारतीच्या रेघेपर्यंत मी भरभर चालले, हे स्टॉपवॉच धरून मागून येत होते. सात मिनिटं वीस सेकंद. म्हणजे आम्हाला तिकडे टाकलं, तर आपला टर्न सुरू व्हायच्या आधी, मागच्या माणसाचा टर्न सुरू व्हायच्याही आधी निघायला हवं. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना हे चुन्याच्या रेघेवर थांबले आणि म्हणाले, "अगं, पण खोलीच जर त्यांना..."

"मोठी द्यायची असेल तर? नको. आहे तेवढीच पुरे, पण जवळ."

ह्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं.

आणखी एक. आमचा दोन नंबर, म्हणजे माझ्या हाताखालचा पहिला माणूस, हल्ली दुपारचा ग्रंथालयात दिसतो. ग्रंथपालांशी हळू आवाजात बोलत असतो. या वयात वाचनाची गोडी लागली, चांगलं आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

काय लिहू?

दुसरी सभा. आर्किटेक्ट बाई सुधारलेला नकाशा घेऊन स्वतः आल्या. तिशीच्या असतील, बोलायला नम्र. त्यांनी नकाशा टेबलावर उलगडला आणि सगळे एकदम पुढे वाकले.

सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीला एक गोल जिना चढत गेला होता आणि तो खिडकीशी संपत होता. शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'मा. अध्यक्ष'. कँटीनपासून सभागृहापर्यंत दोन समांतर रेघा, त्यांच्यावर आडव्या पट्ट्या आणि एक इवलीशी गाडी.

"खिडकीचं जरा अवघड गेलं," बाई म्हणाल्या. "पण इतिवृत्तात स्पष्ट होतं, म्हणून केलं."

सेनापतींनी मिशीवरून हात फिरवला. "मी असं म्हणालो होतो?"

उपसचिवांनी इतिवृत्त मागवलं. सही त्यांचीच. "म्हणजे आता हे... सही आहे म्हटल्यावर..." असं म्हणून त्यांनी रुमाल काढला. काका मात्र गाडीवर बोट ठेवून बसले होते. "हिला घंटी असेल का हो?" त्यांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, सांगाल तर बसवू. ग्रंथालय वर गेलं होतं, ग्रंथपाल तीन आठवड्यांनी हसले.

आणि डाव्या दारामागे 'यंत्रकक्ष'. आमचा कुठेच पत्ता नाही. जो जे बोलला त्याला ते मिळालं, थट्टेत बोलला त्यालाही मिळालं, आणि मी पाच मिनिटं घसा फोडला, तर मला काही नाही!

मी बाईंना जरा फणकाऱ्यानेच विचारलं, "आणि माझ्या मागणीचं काय?"

त्यांनी चारही पानं पुन्हा चाळली. "मॅडम, यात तुमची मागणी नाहीये."

मी त्यांच्या हातातून कागद ओढलाच. चाळला. नव्हती. मी बोलले होते आणि मी लिहिलं नव्हतं. हात चालू होता म्हणून लिहिलं असं मला वाटत राहिलं. पण प्रतिवेदक सभागृहात बोलत नसतो आणि कागदावर तर तो नसतोच. त्याला ठसका लागला, त्याची शाई संपली, कोणी त्याच्या डोक्यावरून पेपरवेट भिरकावला, तरी तो कुठे येत नाही. एकतीस वर्षांची सवय. सगळ्यांचं घेतलं आणि माझ्याच तोंडचं गाळलं.

घरी येऊन जेवले नाही. ह्यांनी ताट झाकून ठेवलं. मी पुरं करायला वाक्यही नव्हतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दहा तारखेला शेवटची सभा. त्यानंतर नकाशा गोठणार, रेघसुद्धा बदलता येणार नाही.

इतिवृत्तात गुपचूप एक ओळ घालावी, असं मनात आलं. आलं हे इथे कबूल करते. पण जे बोललं गेलं नाही ते मी आजवर कधी लिहिलं नाही. अपुरं असेल ते पुरं केलं, वाकडं असेल ते सरळ केलं, मनचं घातलं नाही. त्या वाटेला जाणार नाही.

मग ठरवलं, आमची मागणी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून काढायची. ते बोलतील, मी लिहीन. ग्रंथपालांकडे गेले. ते म्हणाले, "अवश्य बोलतो! ग्रंथालय वर गेल्यामुळे तुमची शाखा लांब पडेल, तेव्हा ग्रंथालय आणखी थोडं मोठं करावं, असं मांडतो." सेनापती त्या खिडकीच्या धक्क्यातून सावरलेले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमच्यासमोर मी आता तोंड उघडणार नाही." काका भले. "मी बोलतो ताई, काय बोलायचं ते सांगा." त्यांच्याकडून चार वेळा घोकून घेतलं. चारही वेळा त्यांनी शेवटी घंटीचं घातलं.

सभागृहात दोन माणसं टेबलावर नवे माइक लावत होती. जुन्यांतून खरखर येत होतीच. वेळेवर सुचलं म्हणायचं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सभा आमच्याच समिती कक्षात. ती माइकवाली माणसं तिथेही होती, कोपऱ्यात संगणक लावून बसलेली. उपसचिव म्हणाले, चाचणी आहे.

काकांनी सुरुवात केली, "प्रतिवेदन शाखा ही..." आणि आर्किटेक्ट बाईंनी पिशवीतून गाडीचं लहान लाकडी प्रतिरूप काढून टेबलावर ठेवलं. संपलं. पुढची वीस मिनिटं काका गाडीवर बोलत होते. मी घंटीचा आकारही लिहून घेतला.

उपसचिव घड्याळ बघायला लागले. "तर मग आता बहुतेक सगळं..." आणि मला दिसलं की हे वाक्य मी पुरं केलं की नकाशा गोठला. पेनाला टोपण लावलं. ते वाजलं, सगळ्यांनी वळून पाहिलं.

"लिहा ना मॅडम," उपसचिव म्हणाले.

"आज मी लिहिणार नाही. बोलणार आहे."

काय बोलले ते आत्ता नीटसं आठवत नाही. साधारण चार मुद्दे मांडले असावेत, टर्न, अंतर, अहवाल आणि शाखेची परंपरा. ठीक झालं असावं. मग थांबले.

उपसचिवांनी चष्मा काढून पुसला. मग ते बोलले आणि त्यांनी वाक्य पुरं केलं. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं पहिलं पुरं वाक्य.

"मॅडम, नव्या इमारतीत प्रतिवेदन शाखा नसणार आहे."

यंत्र बोलणं ऐकतं आणि आपणच लिहितं. यंत्रकक्ष त्याचा. रिकाम्या जागा भरायच्या नव्हत्याच. दोन नंबरने ग्रंथालयात बदली मागून ठेवली आहे. ग्रंथपालांना माहीत होतं, सेनापतींना माहीत होतं, काकांनासुद्धा अंदाज होता. मला कोणी सांगितलं नाही असं नाही. सगळे सांगत होते. मी कोणाला सांगून होऊ दिलं नाही.

कोपऱ्यातला माणूस उत्साहाने उठला. "साहेब, आजची अख्खी सभा यंत्राने घेतलीय!" आणि त्याने छापलेले अडतीस कागद उपसचिवांपुढे ठेवले. त्यांनी सवयीने सहीसाठी पेन उचललं. मग पहिल्या पानावर त्यांची नजर गेली आणि ती तिथेच राहिली. मी खांद्यावरून पाहिलं. 'म्हणजे कसं आहे आता आपण ते अं म्हणजे तसं पाहिलं तर हे जे आहे ना ते बघू.' पानभर हेच. त्यांनी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे असंच... वरती जाणार?" त्यांनी विचारलं.

"शब्द न् शब्द," माणूस अभिमानाने म्हणाला.

माझं पान मी पाहिलं नाही. घरी ह्यांना म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं." ते "हो" म्हणाले. एका शब्दाचंच वाक्य होतं, मला मध्ये पडायला जागाच मिळाली नाही. मग मी रडले. ह्यांनी सगळी कामं बाजूला ठेवली आणि शेजारी बसून राहिले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अधिवेशन सुरू झालं. पहिल्या दिवशी यंत्राची सभागृहात चाचणी घ्यावी आणि जे निघेल ते जसंच्या तसं सदस्यांना वाटावं, असं वरून ठरलं. सूचना म्हणे उपसचिवांची. मला त्यांचा राग आला. आम्ही टेबलापाशी बसायचं, पण लिहायचं नाही.

दुपारी कागद वाटले. एका ज्येष्ठ सदस्यांचं पाण्यावरचं भाषण होतं, दहा मिनिटांचं. त्यात एकशे सोळा वेळा 'त्या ठिकाणी' आलं होतं. 'त्या ठिकाणी पाणी त्या ठिकाणी सोडलं पाहिजे त्या ठिकाणी.' समोरच्या बाजूच्या एका सदस्य ताईंचं तर एकच वाक्य होतं, साडेतीन पानांचं, आणि क्रियापद कुठे नव्हतं.

मला खरोखर वाटलं की यंत्र बिघडलं. दोन नंबरला तसं म्हटलं. तो माझ्या कानाशी लागला, "नाही हो, ते असंच बोलतात. कायम."

"त्या ठिकाणी? मी कधी नाही ऐकलं."

"तुमचा हात गाळतो ना."

तेवढ्यात ज्येष्ठ सदस्य कागद फडकवत उठले. हे आपण बोललोच नाही, हा आपल्या बदनामीचा डाव आहे, म्हणाले. समोरच्या ताई उठल्या आणि त्यांना पाठिंबा दिला. इतक्या वर्षांत दोन्ही बाजूंना एकाच मुद्द्यावर बाकं वाजवताना मी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी विचारलं, आजवर हे काम कोण करत होतं? सगळं सभागृह खाली आमच्या टेबलाकडे बघायला लागलं. मी घाबरून मान खाली घातली. उपसचिव मागच्या दाराशी उभे होते, खोकल्याचा आव आणून रुमालाआड हसत होते. कशाला हसत होते, देव जाणे. एवढ्या गंभीर प्रसंगी!

१८ फेब्रुवारी, बुधवार

नवा नकाशा आला. डाव्या दारामागे 'प्रतिवेदन शाखा', चौदा टेबलं, दोन खिडक्या. यंत्राला आमच्याच खोलीत एक कपाट दिलंय. ते लिहील, आम्ही निस्तरू. दोन नंबरने बदलीचा अर्ज मागे घेतला. इमारत उभी राहायला चार वर्षं लागतील, मी निवृत्त व्हायला दोन. मी तिथे एक दिवससुद्धा बसणार नाही. आर्किटेक्ट बाईंनी टेबलं कुठल्या दिशेला हवीत विचारलं, तर तासभर भांडले.

दहा तारखेच्या सभेचं इतिवृत्त राहिलं होतं. यंत्राचे अडतीस कागद घेऊन बसले. उपसचिव आपणहून आले. "मॅडम, माझं ते जरा..." म्हणाले आणि थांबले. मीही थांबले. मग ते म्हणाले, "नीट करून द्याल का?" दिलं. ग्रंथपालांचं, काकांचंही दिलं.

मग सत्ताविसावं पान आलं. 'मुख्य प्रतिवेदक' असं लिहून पुढे माझं होतं. मुद्दे चार नव्हते. एकही नव्हता. एवढंच होतं:

'नाही म्हणजे आम्हाला पण अं बसायला आम्ही असतो ना इथे रोज असतो कोणी बघत नाही पण आम्ही'

हात आपोआप चालला. 'प्रतिवेदन शाखेस सभागृहालगत कक्ष मिळावा, अशी विनंती मुख्य प्रतिवेदकांनी केली.' सुबक वाक्य होतं. दोनदा वाचलं. मग त्यावर काट मारली आणि खाली यंत्राचं होतं तसं उतरवून घेतलं, 'अं'सकट.

उपसचिव हल्ली सही करण्याआधी सगळं वाचतात. शेवटच्या पानावर त्यांचं पेन थांबलं.

"मॅडम, हे तुमचं वाक्य तेवढं अपुरं राहिलंय."

"राहू दे, साहेब," मी म्हणाले. "तेवढंच बोलले होते मी."

त्यांनी सही केली.